लघवीची पिशवी जांघेत उतरते तेव्हा



दापोली तालुक्याला मोठे विषय ऐकायची सवय आहे. मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पालगडचे साने गुरुजी, इथल्या कॅम्पात लहानपणी काही काळ राहिलेले बाबासाहेब आंबेडकर. अशा ठिकाणी वक्त्याने जांघेबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच. विषय कळवल्यावर व्याख्यानमालेच्या संयोजकांपैकी एकांनी फोनवर चाचरत विचारलं, "सर, सभेला बायकामाणसंही असतात हो." मी म्हटलं, असू देत, म्हाताऱ्यांना हाताला धरून दवाखान्यात आणतात त्याच.

मी क्ष-किरण, सोनोग्राफी आणि सीटी वाचणारा डॉक्टर. माझा दिवस पडद्यासमोर जातो आणि रुग्ण मला बहुधा आडवाच भेटतो. त्यामुळे आज बोलणार आहे ते पडद्यावर दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल, आणि ती दिसण्याआधी कुणीतरी विचारायला हव्या असलेल्या एका प्रश्नाबद्दल. हर्निया, म्हणजे आपला अंतर्गळ, सर्वांना माहीत आहे. जांघेत गाठ येते, खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. त्या गाठीत आतडं किंवा पोटातली चरबी असते, हेही बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तिच्यात कधी कधी लघवीची पिशवी असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. जांघेच्या हर्नियांपैकी १ ते ४ टक्क्यांत मूत्राशयाचा काही भाग गुंतलेला असतो, असा वैद्यकीय साहित्यातला अंदाज आहे. पन्नाशी ओलांडलेल्या स्थूल पुरुषांत तो १० टक्क्यांपर्यंत सांगितला जातो. आणि खरा धक्का पुढच्या आकड्याचा. शस्त्रक्रियेआधी ओळखले गेलेले असे हर्निया जेमतेम ७ टक्के, असं या विषयावरच्या लेखांतून पुन्हा पुन्हा नोंदवलं गेलं आहे. उरलेले कुठे कळतात? बहुतेक टेबलावर, सर्जनच्या हाताखाली. काही तर टाके घातल्यानंतर, जखमेतून लघवी पाझरायला लागते तेव्हा.

आता एक आजोबा डोळ्यांसमोर आणा. हे कुणी एक गृहस्थ नाहीत, अनेकांचं मिळून केलेलं चित्र आहे, तेव्हा गावात शोधायला जाऊ नका. वय सत्तरच्या पुढे. तरुणपणी हर्णै बंदरात जाळी ओढली, नंतर थोडी शेती, थोड्या बागा. उजव्या जांघेतली गाठ पंधरा-वीस वर्षांची. मुलगा मुंबईला, तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. तो आला की आजोबा गाठीचं नाव काढत नाहीत आणि तो गेला की पट्टा बांधून फिरतात. रात्री चार-पाच वेळा उठतात, ते मात्र सगळं घर जाणतं. "म्हातारपणी व्हायचंच," हे निदान घरातच झालेलं. दवाखान्यात आल्यावर डॉक्टर गाठ तपासतात, खोकायला सांगतात, "हर्निया आहे, ऑपरेशन करून टाकू" म्हणतात. लघवीबद्दल विचारलंच तर प्रश्न असा असतो: "लघवीला होतंय ना नीट?" आजोबा म्हणतात, "होतंय." विषय संपला.

विचारायचं ते असं: "आजोबा, एकदा लघवी करून आल्यावर थोड्या वेळात पुन्हा जावं लागतं का? आणि दुसऱ्यांदा करताना खालची गाठ हाताने दाबावी लागते का?" मग आजोबा दाराकडे बघतात, सुनेला बाहेर जायला सांगतात आणि सांगून टाकतात, "दाबलं की होते. नाहीतर राहते आतच." पहिल्यांदा ओटीपोटातला भाग रिकामा होतो. दुसऱ्यांदा, हात लावून, जांघेतला. लघवीनंतर गाठ लहान झाली असेल तर शंकेला जागाच कमी उरते. हे लक्षण वैद्यकाच्या पुस्तकांत फार जुनं आहे आणि या आजाराचं इतकं नेमकं दुसरं खूणचिन्ह नाही. सगळ्यांत ते सापडत नाही, हेही सांगायला हवं. पिशवीचा टोकाएवढाच भाग सरकला असेल तर माणसाला काहीच जाणवत नाही. पण सापडतं तिथे ते फुकट सापडतं, एका प्रश्नात. तो प्रश्न न विचारता सीटी काढायला पाठवणं मला नेहमी उलटं वाटत आलं आहे.

पिशवी तिथे जाते तरी कशी? पोटातले अवयव एका पातळ पडद्यात असतात, त्याला आपण उदरावरण म्हणू. आतडी या आवरणाच्या आत. मूत्राशय बराचसा बाहेर. लावणीच्या दिवसांत इरलं घेऊन वाकलेला माणूस आठवा: पाठ आणि डोकं झाकलेलं, पुढची बाजू उघडी. मूत्राशयाचं तसंच आहे, वरून आवरण आणि पुढून, जांघेच्या हाडामागे, नुसती चरबी. म्हणून जांघेची भिंत सैल झाली की ही उघडी बाजू चरबीसकट आवरणाच्या कडेने घसरू शकते. कधी आवरणाची पिशवी आणि मूत्राशय शेजारी शेजारी उतरतात, आणि हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो. कधी मूत्राशय आवरणात गुंडाळून उतरतो. कधी आवरणाचा संबंधच नसतो, एकटा मूत्राशय बाहेर येतो. सर्जनसाठी हा फरक जिवावरचा आहे. हर्नियाची पिशवी उघडताना तो आवरण शोधत असतो आणि आतल्या बाजूला त्याला जाड, चरबीने वेढलेलं काहीतरी लागतं. ते हर्नियाच्या पिशवीचाच भाग समजून कात्री चालवली तर मूत्राशयाला भोक पडतं.

ढकलणारा जोर बहुतेकदा खालून येतो. साठीनंतर प्रोस्टेट वाढते, लघवीची वाट अरुंद होते, माणूस कुंथतो, मूत्राशय वर्षानुवर्षं ताणला जातो. त्यात विडीचा खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं पोट, आधी एकदा झालेलं हर्नियाचं ऑपरेशन. पुरुषांत हा प्रकार जांघेच्या कालव्यातून जास्त होतो, स्त्रियांत मांडीच्या मुळाशी, ज्याला फिमोरल हर्निया म्हणतात तिथून. बाळंतपणं, उचललेली ओझी आणि सांगण्याचा संकोच हे सगळं धरलं, तर स्त्रियांच्या बाबतीतलं आपलं दुर्लक्ष पुरुषांहून जास्तच आहे.

पहिली तपासणी सोनोग्राफी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती जवळ मिळते, स्वस्त आहे, किरणं नाहीत. जांघेवर प्रोब ठेवला की गाठीत पाणी दिसतं, ते पाणी ओटीपोटातल्या मूत्राशयाशी जोडलेलं आहे का हे मागोवा घेत जाता येतं. मग रुग्णाला लघवी करून यायला सांगायचं आणि पुन्हा बघायचं. गाठीतलं पाणी कमी झालं, तर अर्धं काम झालं. पण आमच्याकडचे म्हातारे लघवी करून येतात आणि सोनोग्राफीवाला पुढच्या रुग्णाकडे वळलेला असतो. दुसऱ्यांदा बघणं राहून जातं. शिवाय गाठ अंडकोशापर्यंत उतरलेली असली, त्यात आतडं आणि वायूही असला, की सोनोग्राफीच्या लहरी वायूपाशी अडतात आणि नुसतं "हायड्रोसिल असावं", म्हणजे अंडकोशात पाणी साचलेलं असावं, असं लिहून अहवाल बाहेर पडतो. तिथून पुढे सीटीचं काम सुरू होतं.

सीटीबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण तिच्या मुळाशी गणित आहे आणि गणित या तालुक्याला परकं नाही. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. क्ष-किरणांचा शोध राँटगेनने १८९५ साली लावला. पण साध्या क्ष-किरण चित्रात सगळं एकावर एक पडतं. पुढचं-मागचं एकाच सावलीत. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या सावल्यांवरून आतली वस्तू पुन्हा मांडता येते, हे ऑस्ट्रियाचे गणिती योहान रॅडन यांनी १९१७ साली सिद्ध केलं, तेव्हा त्याला वैद्यकात काही उपयोग आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. दक्षिण आफ्रिकेचे ॲलन कॉरमॅक यांना रॅडनच्या कामाची माहिती नव्हती. त्यांनी तेच गणित नव्याने सोडवून १९६३ आणि १९६४ साली छापलं, आणि फारसं कुणी वाचलं नाही. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्रच बनवलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन झाला. त्या चित्रात ८० गुणिले ८० एवढेच चौकोन होते. त्याच वर्षी आपले जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी या गणिताची एक सोपी, जलद रीत प्रसिद्ध केली. सावल्यांवरून चित्र उभं करण्याच्या पुढच्या कामात ती फार उपयोगी पडली. १९७९चं नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळालं. रामचंद्रन यांचं नाव मात्र सीटी काढणाऱ्या किती डॉक्टरांना माहीत असेल, याची मला शंका आहे.

हाउन्सफील्डची मोजपट्टी मी रोज वापरतो. तिच्यावर पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, स्नायू अधिक चाळीस-पन्नास. लघवी शून्याच्या जरा वर. मग अंडकोशात शून्याच्या आसपासचं पाणी दिसलं, तर ते लघवी आहे, की हायड्रोसिलचं पाणी, की आतड्यातला द्रव? मोजपट्टी एकट्याने सांगत नाही. सीटी कशी काढली, यावर उत्तर ठरतं, आणि इथेच आम्ही लोक सर्वांत जास्त चुकतो.

पहिली चूक, स्कॅन कुठे थांबवला. पोटाची सीटी म्हटलं की तंत्रज्ञ यकृताच्या वरून सुरू करतो आणि जांघेच्या हाडाच्या खाली जरासा जाऊन थांबतो. अंडकोश चित्रात येतच नाही. ज्याची पिशवी तिथवर उतरली आहे, त्याच्या चित्रात मूत्राशय नुसता एका बाजूला ओढल्यासारखा, निमुळता दिसतो आणि मग कापलेला असतो. चिठ्ठीवर "अंडकोशाच्या तळापर्यंत घ्या" एवढं लिहिलेलं असेल तर ही चूक होत नाही.

दुसरी, वेळ. शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट औषध मूत्रपिंडातून गाळलं जाऊन मूत्राशयात यायला काही मिनिटं लागतात. आमची नेहमीची पोटाची सीटी साधारण ७० सेकंदांवर घेतली जाते. तेव्हा यकृत, आतडी, रक्तवाहिन्या छान उजळतात आणि मूत्राशयातली लघवी अजून साधीच असते. गाठीतलं पाणी आणि मूत्राशयातलं पाणी दोन्ही राखाडी. उशिराचा टप्पा, म्हणजे आठ-दहा मिनिटांनी किंवा आणखी थोडं थांबून घेतलेली चित्रं, तिथे लघवी पांढरी होते आणि गाठही पांढरी झाली तर प्रश्न मिटतो.

मिटायला तरी हवा. पण औषधाने भरलेली लघवी साध्या लघवीपेक्षा जड असते. रुग्ण उताणा झोपलेला असताना ती खाली, म्हणजे पाठीकडे बसते. जांघेतला भाग पुढे, वरच्या बाजूला. त्यामुळे उशिराच्या टप्प्यातही गाठ पांढरी होत नाही आणि तरुण डॉक्टर आत्मविश्वासाने "मूत्राशयाशी संबंध नाही" असं लिहितात. रुग्णाला पालथं वळवून तेवढ्याच भागाची चित्रं पुन्हा घेतली की औषध पुढे वाहतं आणि गाठ उजळते. पालथं केल्याचा दुसरा फायदा, पोटाच्या भाराने हर्निया आणखी बाहेर येतो. उताणा झोपल्यावर तो कित्येकदा आत सरकलेला असतो. पालथं झोपणं जमत नसेल तर श्वास रोखून कुंथायला सांगायचं. आजोबांना ते सहज जमतं, त्यांचा रोजचाच सराव आहे.

आणि स्कॅनच्या आधी कुणीतरी मायेने सांगतं, "आजोबा, बाथरूमला जाऊन या." रिकाम्या मूत्राशयाचा हर्निया दिसत नाही. पिशवी थोडी भरलेली हवी, पण तुडुंब नको. नाहीतर आजोबा मध्येच टेबलावरून उठतात.

हे सगळं जमलं तर पडद्यावर मी काय शोधतो? आडव्या कापांपेक्षा उभे काप, पुढून आणि बाजूने. मूत्राशयाचा पुढचा-खालचा कोपरा सरळ राहण्याऐवजी जांघेच्या कालव्याकडे वळलेला, तिथून अरुंद मान, आणि मानेपलीकडे दुसरा फुगवटा. कधी दोन फुगवटे आणि मध्ये दांडी, व्यायामशाळेतल्या डंबेलसारखा आकार. मूत्राशयात औषध भरून काढलेल्या जुन्या क्ष-किरण चित्रांतही हीच खूण सांगितलेली आहे. मग पोटाच्या भिंतीतली एक रक्तवाहिनी बघायची, ती या भागातली सीमारेषा. तिच्या आतल्या बाजूने आलेला हर्निया थेट, बाहेरच्या बाजूने आलेला तिरका. मान मांडीच्या शिरेला दाबत असेल तर फिमोरल. मूत्राशयाची भिंत कुठे जाड झाली आहे का, आत खडा आहे का, गाठ आहे का. सरकलेल्या भागात लघवी साचून राहते, म्हणून तिथे खडे होतात. क्वचित कर्करोगही सापडतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, मूत्रनलिका, म्हणजे मूत्रपिंडाकडून येणारी नळी, ती कुठे जाते? कधी कधी तीही हर्नियात ओढली जाते आणि वरचं मूत्रपिंड फुगतं. असा रुग्ण सर्जनच्या हाती सावध न करता दिला तर मूत्रपिंडाचं नुकसान होऊ शकतं. मूत्रनलिकेच्या बाबतीत सोनोग्राफी फारशी मदत करत नाही. सीटीची किंमत खरी वसूल होते ती इथे.

एक गमतीची गोष्टही सांगून टाकतो. कर्करोगाच्या रुग्णांची पेट स्कॅन म्हणून तपासणी होते. तिच्यात दिलेली किरणोत्सारी साखर लघवीतून बाहेर पडते. एखाद्याच्या जांघेत मूत्राशय उतरलेला असेल तर तिथे ठळक चमक दिसते आणि कर्करोग जांघेपर्यंत पसरला, असा अर्थ लावला जाऊ शकतो. असे प्रसंग जगभरच्या नियतकालिकांत नोंदलेले आहेत. सीटीची चित्रं शेजारी ठेवून बघितली की चमक लघवीची आहे हे कळतं. रुग्णाच्या बाजूने विचार करा, केवढा फरक!

मग प्रत्येक हर्नियाला सीटी काढायची का? नाही, आणि हे मी सीटीवर पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जांघेच्या हर्नियाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार उघड दिसणाऱ्या हर्नियाचं निदान हाताने तपासून होतं, प्रतिमा लागते ती शंका असेल तेव्हा. एका पोटाच्या सीटीत शरीराला साधारण ८ ते १० मिलीसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. जगाच्या सरासरीने निसर्गातूनच माणसाला वर्षाला २.४ मिळत असतो. सत्तरीच्या माणसाला त्याचा धोका फार नाही, पण तीन टप्पे काढले की तो तिप्पट होतो. म्हणून उशिराचा टप्पा आणि पालथी चित्रं फक्त कंबरेखालच्या भागाची घ्यावीत, पूर्ण पोटाची नकोत. कॉन्ट्रास्ट औषधाआधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचं माप, तपासावं. या रुग्णांत लघवी साचून मूत्रपिंड आधीच थकलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि मधुमेह तर घरोघरी. मूत्रपिंड नाजूक असेल तर माझं मत असं: औषध न देता, थोड्या भरलेल्या मूत्राशयाची, उताणी आणि पालथी अशी साधी सीटी घ्यावी. बहुतेक वेळा तेवढ्याने प्रश्न सुटतो. तरीही शंका उरली तर नळी घालून पातळ केलेलं औषध थेट मूत्राशयात भरून चित्रं घेता येतात. त्यात औषध रक्तात फारसं जात नाही. नळीमुळे जंतुसंसर्ग होणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

सीटी कुणाला, याचं माझं उत्तर असं आहे. पन्नाशीपुढचा माणूस, ज्याला दोनदा लघवी करावी लागते. ज्याची गाठ अंडकोशापर्यंत गेली आहे आणि आत जात नाही. ज्याचं आधी त्याच बाजूचं ऑपरेशन झालं आहे आणि हर्निया परत आला आहे. ज्याचं क्रिएटिनिन वाढलं आहे किंवा सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं आहे आणि कारण कळत नाही. आणि ज्याची सोनोग्राफी "असू शकेल" म्हणून थांबली आहे. दापोलीच्या माणसाला मोठ्या तपासणीसाठी खेड, चिपळूण, डेरवण किंवा मुंबई गाठायची म्हणजे बरोबर एक माणूस, एक दिवस आणि एसटीच्या वेळा. गावात त्याला "सीटी काढून आलो" म्हणायचं समाधान मिळतं, पण चिठ्ठीवर "पोटाची सीटी, हर्निया" एवढंच असेल तर तो दिवस वाया गेला. गावातल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे, दोन ओळी जास्त लिहा: गाठ कुठल्या बाजूला, लघवी दोन टप्प्यांत होते का, मूत्राशय आत आहे का हे बघा, अंडकोशापर्यंत घ्या, उशिराची आणि पालथी चित्रं घ्या. तेवढ्या दोन ओळींनी माझ्यासारख्या दूरच्या खोलीत बसलेल्याला डोळे मिळतात.

आता सर्जनच्या बाजूला जाऊ. निदान आधी कळलं असेल तर ऑपरेशन फार वेगळं नसतं. मूत्राशयात नळी ठेवायची, तो रिकामा करायचा, आतल्या बाजूची चरबी दिसली की हात सावकाश चालवायचा, मूत्राशय जागेवर सरकवायचा आणि भिंत मजबूत करायची. मूत्राशयाचा तुकडा कापून टाकायची गरज फक्त तो कुजला असेल, त्यात गाठ असेल किंवा मान फारच चिंचोळी असेल तर. ऑपरेशनमध्ये मूत्राशय फाटलाच आणि ते तिथल्या तिथे लक्षात आलं, तर दोन थरांत टाके आणि आठवडा-दहा दिवस नळी, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. लक्षात आलं नाही तर लघवी पोटाच्या भिंतीत झिरपते आणि पुढचे महिनाभर सगळं घर दवाखान्यात.

भिंत मजबूत करण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला दोन गोष्टी दिल्या आहेत. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी भिंतीला आधार देणारी कृत्रिम जाळी न घालता पोटाच्या स्नायूच्याच आवरणाची पट्टी वापरून हर्निया दुरुस्त करण्याची रीत मांडली. ती २००१ साली युरोपियन नियतकालिकात छापून आली आणि आज तिच्यावर अनेक देशांत अभ्यास होतात. दुसरे, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. बाजारातली हर्नियाची जाळी गरीब रुग्णाला परवडत नाही म्हणून त्यांनी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरायला सुरुवात केली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ते अनुभव प्रसिद्ध केले तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली असतील. २०१६ साली युगांडातल्या ३०२ पुरुषांवरचा एक काटेकोर अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या स्वस्त जाळीत एकच हर्निया परतला होता आणि महागड्या जाळीत एकही नाही, म्हणजे जवळजवळ बरोबरी. लहान गावात बसून केलेलं काम जगाच्या पानावर कसं येतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. आमच्या विषयात मात्र जाळीला एक अट आहे. मूत्राशय फाटून लघवी जखमेत आली असेल आणि ती लघवी जंतूंनी भरलेली असेल, तर जाळी घालायची की नाही यावर सर्जनचं एकमत नाही. मूत्राशयाला टेकलेली जाळी पुढे भिंतीत घुसल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून तिथे जाळीविना दुरुस्तीची रीत हाताशी असणं उपयोगाचं.

प्रोस्टेट विसरून हर्निया शिवला तर तो शिवणीवरच कुंथणं झालं. लघवीचा जोर, लघवीनंतर उरलेलं पाणी, प्रोस्टेटचा आकार, हे सगळं ऑपरेशनआधी मोजायचं. औषधांनी वाट मोकळी होत असेल तर आधी औषधं, नाहीतर प्रोस्टेटचं ऑपरेशन आधी किंवा एकाच वेळी. कुठलं आधी हे प्रत्येक रुग्णागणिक ठरतं. यावर एकच नियम सांगणारा सर्जन मला अजून भेटलेला नाही.

व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच एक चिठ्ठी माझ्या हातात आली आहे, नाव नाही. लिहिलं आहे: ऑपरेशन करायचं नसेल तर पट्टा चालेल का? हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आजारामुळे ज्यांना भूल देता येत नाही, अशांना पट्टा काही काळ आधार देतो, आणि तोही गाठ हाताने पूर्ण आत जात असेल तेव्हाच. गाठ बाहेर असताना वरून पट्टा आवळला तर आत जे आहे ते चिरडतं, आतडं असो की मूत्राशय. म्हणून पट्टा घेण्याआधी सोनोग्राफीत आत काय आहे ते बघून घ्या. सकाळी उठायच्या आधी, आडवं असतानाच गाठ आत ढकलून तो बांधायचा आणि रात्री काढायचा. पट्टा बांधल्यावर गाठ दुखायला लागली, लाल झाली किंवा लघवी अडली, तर तो त्याच क्षणी सोडायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही.